आईने भरलेलं पाणी

मटाराला आम्ही इंदूरचे लोक बटला म्हणतो. पुण्याहून आलेले पाहुणे या शब्दाला हसायचे, पण थंडीत बटल्याची कचोरी पानात पडली की हसणं थांबायचं आणि दुसरी मागितली जायची. मी ज्या हिवाळ्याबद्दल लिहिते आहे, त्या हिवाळ्यात आमच्या घरी बटला इतका आला की आम्हाला त्याचा वीट आला. सकाळी बटल्याचे पोहे, जेवायला बटला-भात, नाहीतर उसळ, दुपारी वाटलेल्या बटल्याच्या करंज्या, आणि तरीही उरलेले दाणे वाटीवाटीने शेजारी जायचे. खरं म्हणजे घराला दाणे नकोच होते, सालं हवी होती. एरवी गायीपुढे पडणारी ती सालं त्या दिवसांत आमच्या सगळ्यात चांगल्या खोलीत काचेखाली मांडून ठेवलेली असत, आणि गाय बिचारी दाराशी येऊन, थोडा वेळ थांबून, तशीच परत जाई. त्याच हिवाळ्यात माझ्या आईची घरातली पत गेली आणि पुढे कधी पुरती परत आली नाही. लोक आपल्या आठवणींत आईवर मोठं जिव्हाळ्याचं प्रकरण लिहितात. माझ्यापाशी आहे ते हे असं आहे, आणि लिहायला बसले तरी कानशिलं तापतात.

आम्ही बडा गणपतीजवळ राहत होतो. सकाळी मिलचा भोंगा झाला की आई चुलीपाशी, आणि मंदिरातली घंटा झाली की वडील आंघोळीला, असा आमचा दिवस लागायचा. वडिलांना सगळेच नाना म्हणत. ते सरकारी कचेरीत होते, आणि नवा मध्यप्रदेश होऊन राजधानी भोपाळला गेली याचा राग त्यांनी जणू स्वतःच्या खिशातून काही चोरीला गेल्यासारखा धरला होता. इंदूरचं जे जे काही मोठं होईल त्यात आता आपल्या घराचा वाटा असला पाहिजे, असं त्यांनी मनाशी घेतलं होतं. तो वाटा उचलायला घरात एकच माणूस होतं, त्यांची धाकटी बहीण, माझी शरूआत्या. ती वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करत होती. आई फक्त चौथी शिकलेली. ती शरूआत्याला वन्सं म्हणायची, वयाने मोठी असूनही अहोजाहो करायची, आणि आत्या कॉलेजला निघाली की तिच्या डब्यात स्वतःच्या वाटणीची भाजीसुद्धा घालायची. मी तेव्हा नववीत होते. घरात मला बेबी म्हणत.

शरूआत्याच्या वर्मा सरांनी तिला एक प्रश्न दिला होता. बटल्याच्या मुळांवर बारीक गाठी येतात, त्यांत जंतू असतात, पण ते झाडाला खत पुरवतात. म्हणजे ते मित्र. दुसरीकडे एक बुरशी त्याच झाडाला डाग पाडते, सडवते. ती वैरी. सरांनी कुठल्याशा विलायती मासिकात वाचलं होतं की बुरशीचा थेंब शेंगेच्या आतल्या अंगावर ठेवला की शेंग स्वतःहून एक द्रव्य तयार करते, जे त्या बुरशीला विषासारखं असतं. मग मित्राचा थेंब ठेवला तर? झाड त्याच्यावरही विष काढतं, की त्याला ओळखून गप्प बसतं? आत्याने हे मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी बटला सोलायचं थांबवून हातातल्या शेंगेकडे पाहत राहिले होते.

हे काम कॉलेजमध्ये व्हायला हवं होतं, पण दिवे लागायच्या आत आत्याने घरी आलं पाहिजे ही नानांची अट, आणि शेंगा तर दिवसरात्र मांडून ठेवायला लागायच्या. शेवटी सरांनी मांडामांड घरी करायची परवानगी दिली. पुढच्या खोलीतलं टेबल रिकामं झालं. त्यावर इनॅमलचे तीन ट्रे, त्यांत ओला टीपकागद, त्यावर होड्यांसारख्या उघडलेल्या शेंगा, आणि वर झाकायला काच. दाणा जिथे बसलेला असतो त्या खळग्यात आत्या ड्रॉपरने एकेक थेंब सोडायची. एका ट्रेमध्ये बुरशीचा, दुसऱ्यात गाठीतल्या जंतूंचा, आणि तिसऱ्यात नुसत्या पाण्याचा. नुसतं पाणी कशाला, असं मी विचारलं तर म्हणाली, “अगं, काहीच नाही केलं तर शेंग काय करते ते नको का कळायला?” दुसऱ्या दिवशी ते थेंब गोळा करून ती काचेच्या नळ्यांतून कॉलेजला न्यायची आणि तिथलं यंत्र सांगायचं, कशात विष किती उतरलं ते. शेंगा सोलताना नख लागता कामा नये, हाताला मीठ-हिंग असता कामा नये. आईचा अंगठा यात सगळ्यात हलका होता. ती आधी साबणाने हात धुऊन, पदराला न पुसता तसेच हवेत धरून वाळवून मग शेंग हातात घ्यायची. खोलीत कच्च्या बटल्याचा हिरवा वास असायचा, आणि थेंब सोडताना आत्या श्वास रोखायची म्हणून आम्हीही रोखायचो.

पाणी कॉलेजचं होतं, डिस्टिल वॉटर. एका मोठ्या काचेच्या बाटलीत भरून, टांग्यात मांडीवर धरून आत्या ते घेऊन यायची. बुरशी आणि जंतूही त्याच पाण्यात कालवायचे. वापरण्याआधी ती ते स्टोव्हवर काचेच्या भांड्यात उकळून गार करी. सुरुवातीचे निकाल फार सुरेख आले. बुरशीच्या ट्रेमध्ये विष भरपूर, मित्राच्या ट्रेमध्ये जेमतेम, पाण्याच्या ट्रेमध्ये जवळजवळ नाहीच. नाना हे ऐकून घरात मावेनात. मराठी मंडळात, कचेरीत, न्हाव्यापाशी, सगळीकडे त्यांनी सांगितलं की झाडालाही कळतं कोण आपला आणि कोण परका, आणि हे आमच्या शरूने काढलं. मंडळाच्या व्याख्यानमालेत तिचं भाषण ठेवायचंसुद्धा त्यांनी परस्पर ठरवून टाकलं.

संक्रांत झाली आणि सगळं फिरलं. तिन्ही ट्रे सारखेच येऊ लागले. वैऱ्याला विष, मित्राला विष, आणि नुसत्या पाण्यालाही विष. आत्याने शेंगा बदलल्या, टीपकागद बदलला, ड्रॉपर उकळले, मला खोलीत यायची बंदी केली. काही फरक पडेना. एका संध्याकाळी ती कॉलेजातून आली ती जेवलीच नाही. आई ताट घेऊन तिच्यापाशी बसली तेव्हा तिने सांगितलं की सर म्हणाले, “शरयू, एक बात बताओ. पहले वाले नतीजे सही थे, या घर बैठे बना लिए थे?” आईला सगळं कळलं नाही, पण वन्संना कोणीतरी खोटं म्हणालं एवढं कळलं. ती म्हणाली, “असं कसं म्हणाले ते? तुम्ही तर मुंगीलापण फसवणार नाही.” आणि तिने स्वतःच्या हाताने आत्याला भरवलं. सरांनी सांगितलं होतं की रविवारी ते घरी येऊन स्वतः सगळं बघतील, आणि समाधान झालं नाही तर तिने हे काम सोडावं. काम सुटलं म्हणजे शिक्षण सुटलं, हे न बोलताही सगळ्यांना ठाऊक होतं.

रविवारी सर आले. नानांनी पोहे-जलेबी मागवली होती, वर सेव वेगळी. सरांनी त्यातलं काहीही न खाता पुढची खोली पाहिली. ट्रे उचलले, टीपकागद हुंगला, खिडकी उघडून धूळ कुठून येते ते पाहिलं. आत्या भिंतीला टेकून उभी होती, तोंड पांढरंफटक. मग त्यांनी बाटली उचलली.

“पानी कॉलेज का ही है ना?”

“जी सर.”

“दिवाली के बाद तुमने दूसरी बोतल ली नहीं. और ये तो गले तक भरी है.”

आत्या बाटलीकडे अशी पाहत होती, जणू ती पहिल्यांदाच बघते आहे. खरंच तिच्या लक्षात आलं नव्हतं. डोक्यात ट्रे आणि आकडे, बाटली कधी रिकामी होत नाही याचं तिला नवल वाटायला फुरसत कुठे होती? तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून आई पुढे आली. डोक्यावर पदर, हात ओले, आणि चेहऱ्यावर हसू. परक्या पुरुषासमोर आपणहून बोलताना मी तिला त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

“भाईसाब, वो तो मैं भरती,” ती म्हणाली. “वन्संना एवढं वजन टांग्यातून आणावं लागायचं ना, म्हणून. संक्रांतीपासून, थोडं कमी झालं की मी भरून ठेवत होते. वन्सं उकळूनच घेतात, मतलब चालतंच. आणि साधं पाणी नाही घातलं हो. देवाचं पाणी है, एकदम शुद्ध. तांबे के कलसे का. रोज चिंच-मीठ लगाके घासती मैं.”

तिला वाटलं होतं की आता सगळे समाधानाने मान डोलावतील. वन्संवर आलेलं बालंट तिने दूर केलं होतं. घरातलं सगळ्यात चांगलं, सगळ्यात जपून ठेवलेलं पाणी तिने त्या बाटलीत ओतलं होतं, कोणाला न सांगता, कारण सांगण्यासारखं त्यात तिला काही वाटलं नव्हतं. सर एकदम वळले आणि तिच्याकडे पाहू लागले. आत्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि रडायला लागली, आणि रडता रडता म्हणाली, “सर, मतलब पहले वाले सही थे. मी खोटं नव्हतं केलं.” ती सुटली होती. त्या सुटकेच्या भरात तिला दारात उभी असलेली वहिनी दिसली नाही, याचा दोष मी तिला फार देत नाही. पण नाना होते. नानांना पाहुण्यासमोर काहीतरी म्हणायचं होतं, आणि ते हसून म्हणाले, “माफ करना सर, हमारी मिसेस को उतनी अक्कल नहीं है. चौथी तक पढ़ी हैं.”

आईच्या चेहऱ्यावरचं हसू एकदम गेलं नाही. ते थोडा वेळ तिथेच राहिलं, काय झालं ते न कळल्यासारखं, आणि मग तिने पदर अजून पुढे ओढला. सर मात्र नानांचं ऐकतच नव्हते. त्यांनी आत्याला भराभर इंग्रजीत काहीतरी विचारलं, मग म्हणाले, “व्हेरी इंटरेस्टिंग,” आणि कळशीतलं पाणी एका नळीत भरून मागितलं. आईने मला हळूच विचारलं, काय म्हणाले? मी सांगायच्या आत नाना म्हणाले, “म्हणून राहिले की असला प्रकार त्यांनी कुठे पाहिला नाही.” आईने पाणी भरून दिलं. सर गेल्यावर तिने विचारलं की ते पाणी कशाला नेलं, पुढे काही चौकशी होते का. नाना मोठ्याने हसले. मीही हसले. पाहुण्यांच्या जलेबीचा तुकडा माझ्या तोंडात होता, मला आठवतं आहे.

आता माझ्या सुनेने विजयनगरच्या फ्लॅटमध्ये तांब्याची बाटली आणली आहे. सकाळी उठल्या उठल्या सगळ्यांनी त्यातलं पाणी प्यायचं, आरोग्याला फार चांगलं म्हणे. ती मोठ्या कौतुकाने माझ्या हातात पेला देते, आणि मी काहीतरी निमित्त काढून तो तसाच बेसिनमध्ये ओतते. तिला वाटतं सासूबाईंना नवीन काही चालत नाही. वाटू दे.

पुढे काय झालं ते शरूआत्यानेच मला समजावून सांगितलं, गच्चीत केस वाळवत बसलो असताना. सरांनी कळशीतलं पाणी कॉलेजात नव्या शेंगांवर थेंब-थेंब ठेवून पाहिलं. ना बुरशी, ना जंतू, आणि तरी शेंगांनी भरपूर विष काढलं. चिंचेने घासलेल्या कळशीतून जे तांबं पाण्यात उतरत होतं त्याचा तो परिणाम होता. “झाड चेहरा नाही ओळखत, बेबी,” ती म्हणाली. “आत काहीतरी टोचलं की ते चवताळतं. बुरशी घुसताना टोचते. तांबंही टोचतं. मग झाड दोघांना सारखंच उत्तर देतं. आणि ते गाठीवाले जंतू असे काही येतात की टोचतच नाहीत, म्हणून ते मित्र.” मित्र-वैऱ्याचा तिचा पहिला हिशेब चुकला नव्हता, पण तो का तसा आहे याचा धागा तिला त्या पाण्यामुळे सापडला होता. सरांनी तिला तांब्यावर वेगळं प्रकरण लिहायला सांगितलं. ती इतकी खुश होती की वेणी घालायची विसरली. मी विचारलं, हे आईला सांगितलंस का? म्हणाली, “सांगीन गं. जरा सगळं पक्कं होऊ दे.”

तिने सांगितलं नाही. मी पण नाही. तिच्या मनात वाईट काहीच नव्हतं, पण रोज एखादं काम निघायचं, आणि मग जसे दिवस गेले तसं ते सांगायला अवघड होत गेलं, कारण आतापर्यंत का नाही सांगितलं याचं उत्तर द्यावं लागलं असतं. तोवर इकडे नानांना एक विनोद मिळाला होता. पाहुणा आला आणि आईने पाण्याचा तांब्या पुढे केला की ते विचारायचे, “काय हो, देवाचं तर नाही ना?” मग ती गोष्ट ते पहिल्यापासून सांगायचे, सरांचा आवाज काढून, आईचा आवाज काढून, ‘एकदम शुद्ध’वर थांबून. माणसं पोट धरून हसायची. आम्ही मुलं तर पुढचं वाक्य आधीच म्हणायचो. आई आत असायची, पण आमच्या घराच्या भिंती काही जाड नव्हत्या. तिने तांब्याची कळशी माळ्यावर टाकली आणि देवाला स्टीलच्या गडव्यातून पाणी घालू लागली. पुढच्या खोलीत तिने नंतर पाऊल टाकलं नाही. आत्याचा चहासुद्धा उंबऱ्यावर ठेवून ती हाक मारायची आणि तिथूनच परत फिरायची. शेंगा सोलायचं काम माझ्याकडे आलं. माझी नखं लागायची, आत्या चिडायची, पण आईला बोलवा असं कोणी म्हणालं नाही.

व्याख्यानमालेतलं भाषण छान झालं. आत्याने पांढरी साडी नेसली होती. तांब्याचा भाग आला तेव्हा तिने म्हटलं, योगायोगाने आमच्या पाण्यात तांब्याचा अंश आला. पहिल्या रांगेत नाना ताठ बसले होते. आई बायकांच्या बाजूला, मागे, खांबाच्या आडोशाला होती, आणि ‘पाणी’ हा शब्द आला तशी तिने मान खाली घातलेली मी पाहिली. योगायोग म्हणजे कोण, हे त्या सभागृहात आम्हा तिघांना माहीत होतं, आत्याला, नानांना आणि मला. आईला माहीत नव्हतं. तिला एवढंच वाटलं असणार की आता भर सभेत आपलं नाव निघतंय.

उन्हाळ्यात निकाल लागला. आत्या पहिल्या वर्गात आली आणि परीक्षकांनी तांब्याच्या प्रकरणाची खास तारीफ केली. नाना सराफ्यातल्या मिठाईवाल्याकडून पेढे घेऊन आले. आत्याने आपला जाड, कापडी बांधणीचा प्रबंध देवापुढे ठेवला आणि सरांना नमस्कार करायला गेली. घरात दुपारची सामसूम होती. आईने देवाला नैवेद्य दाखवला, प्रबंधाला हळदकुंकू वाहिलं, आणि मग मला जवळ बोलावलं. तिने आधी दाराकडे पाहिलं.

“बेबी, तुला इंग्रजी येतं ना गं? जरा बघ यात.”

“काय बघू?”

“ते पाण्याचं काही लिहिलंय का. माझं नाव वगैरे.”

मी पानं उलटली. सुरुवातीला आभार होते. सरांचे, नानांचे, शेंगा सोलल्याबद्दल माझेसुद्धा. मधे कुठेतरी पानामागून पान तांब्याबद्दल होतं, तक्ते होते, आणि एक वाक्य होतं की घरातल्या भांड्यामुळे पाण्यात चुकून हा धातू मिसळला. मला ते सगळं वाचता येत होतं. गच्चीतलं सगळं आठवत होतं. तिला खाली बसवून, आई, हे पूर्ण प्रकरण तुझ्या पाण्यावर उभं आहे, एवढंच म्हणायचं होतं. पण मग नानांचा विनोद, माझं हसणं, आत्याचं आज-उद्या, सगळंच उलगडून सांगावं लागलं असतं, आणि समोर पेढे होते, आनंदाचा दिवस होता. मी प्रबंध मिटला.

“नाही गं,” मी म्हटलं. “तुझं नाव कुठेच नाहीये.”

तिने डोळे मिटून सुस्कारा सोडला. इतक्या महिन्यांत मी तिला तसं सैलावलेलं पाहिलं नव्हतं. “बघ, किती मोठ्या मनाच्या आहेत वन्सं,” ती म्हणाली. “एवढं नुकसान केलं मी त्यांचं, तरी झाकून घेतलं.” मग तिने आपल्या वाटणीचा पेढा उचलला, वाटीत घातला, वर दुसरी वाटी उपडी घातली, आणि आत्यासाठी फडताळात ठेवून दिला.